मोहाखाली न दिलेली ओ

चैतात मोहफुलं वेचायला जाणारी माणसं जंगलात गप्प राहत नाहीत. ज्याचं त्याचं झाड ठरलेलं असतं, मध्ये झुडपं असतात आणि उजाडता उजाडता पलीकडचा माणूस दिसत नाही. म्हणून अधूनमधून एकानं "होऽऽ" अशी हाक द्यायची आणि दुसऱ्यानं तशीच ओ द्यायची. वाघ-अस्वलाला कळतं की इथे माणसं आहेत, आपल्याला कळतं की शेजारचा जागेवर आहे. नाकाडोंगरीकडच्या आमच्या गावात हे कुणाला शिकवावं लागत नाही.

गेल्या चैतात मी हाक दिली आणि ओ आली नाही. पुढचं सगळं गावाला ठाऊक आहे. पण गावाला जसं ठाऊक आहे, तसं ते घडलं नाही. म्हणून लिहितो आहे.

शेजारचं झाड माझ्या मित्राचं. तो धानाचा शेतकरी, मी खाणीच्या कचेरीतून निवृत्त झालेला. दोघांनाही वाचायचं वेड. त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तरी अक्षरं पुसटच राहिली. तेव्हा मुलानं त्याच्या मोबाइलवर ऑडिओबुकं लावून दिली. रविवारी संध्याकाळी वाचनालयाच्या ओसरीवर आम्ही वाचणारे चारदोन जण बसतो आणि कुणी काय वाचलं ते एकमेकांना सांगतो. पुस्तक पुरं केल्याशिवाय त्याबद्दल बोलायचं नाही आणि बोललं तरी शेवट सांगायचा नाही, हा आमचा नियम. मित्र ऐकलेलं पुस्तक असं रंगवून सांगायचा, की आमच्यातल्या निवृत्त अंगणवाडीच्या बाई एकदा म्हणाल्या, "तुम्ही पुस्तक आईकता का खाता गा?"

"दात कुठं राहिले बाई? आता कानानंच चावून राहिलो."

त्या दिवसाच्या आधीच्या रविवारी मी एका ऐकलेल्या कादंबरीबद्दल बोललो. जंगलातल्या बंगल्याचा चौकीदार. रोज पहाटे झाडांमधून त्याला ओळखीच्या आवाजात हाक येते. त्या हाकेला जो ओ देतो, तो परत दिसत नाही. मी मन लावून सांगितलं. मित्र पुढे सरकून ऐकत होता. शेवटी मी त्याला म्हणालो, "दोन्ही कानांत घालून आईक. तवाच मजा आहे."

ती कादंबरी मी पुरी ऐकलीच नव्हती. बायको मुलीकडे गेली होती, घरात एकटा होतो. निम्म्याच्या पुढे गेलो आणि मागच्या दाराकडे पाहायची हिंमत होईना. बंद करून टाकली. मला वाटलं, मित्र ऐकेल, तोही भिईल, मग हळूच त्याला शेवट विचारून घेऊ.

त्या पहाटे मोहाचा वास दाट होता. फुलं टपटप पडत होती. मी हाक दिली. ओ नाही. पुन्हा दिली, जोरात. माझाच आवाज झाडांना लागून परत आला आणि तो माझा वाटेना. पाखरंही थांबली होती. मी त्याच्या झाडाच्या दिशेनं थोडा गेलो. झुडपामागे वाळला पाला चुरचुरला आणि थांबला. मी थांबलो की तो थांबला, असं मला वाटलं.  पुढे त्याचं झाड होतं. मी मागे वळलो. टोपली तिथंच राहिली, एक चप्पल कुठंतरी निघाली. मी गाव गाठलं.

वेशीवर मित्राचा मुलगा मोटरसायकल काढत होता. "काका, बाबा कुठं आहेत?"

"हाक मारली, ओ देऊन नाही राहिला. झाडापर्यंत जाऊन आलो. नाही आहे तिथं."

हे मी म्हणालो. झाडापर्यंत जाऊन आलो, असं.

बातमी घरी पोचली तशी त्याची बायको, आमच्या वहिनी, उंबऱ्यावर मटकन खाली बसल्या.  माणसं काठ्या आणि वाजवायला डबे घेऊन निघाली. मित्र त्याच्याच झाडाखाली, बुंध्याला पाठ लावून, दोन्ही कानांत वायरी घालून बसलेला सापडला. टोपली अर्धी भरलेली. आधी लोकांच्या जिवात जीव आला, मग हसू आलं, मग राग. मुलानं कानातल्या वायरी ओढून काढल्या.

"लोकं वाघानं नेलं समजून शोधून राहिले, अन् तू कहाणी आईकत बसला?"

मोबाइल त्याच दिवशी काढून घेतला. झाडाखाली नव्हता म्हणत होतास ना, असं मला एकानं विचारलं. अंधारात दुसऱ्याच झाडाकडे गेलो असेन, असं मी म्हणालो. म्हाताऱ्या माणसाचं ते खपून गेलं.

त्यानंतर मित्र काही रविवार आला. सांगायला काही नसायचं. बोटांनी ओसरीची फरशी चाचपत बसायचा. मग येणं थांबलं. बाई म्हणाल्या, "त्यायच्या कानाले उपास पडला."  खरं बोललो असतो, तर त्याचा दोष निम्मा झाला असता. पण भित्रा म्हणून गावात तोंड कसं दाखवायचं? त्याच्या घरावरून जाताना मी पावलं वाजू देत नसे. त्याला माझी चाल ओळखू येते.

या चैतात मोह गळायला लागला आणि मला जंगलात जाववेना. एका दुपारी त्याच्या घरी गेलो. तो बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी सगळं सांगितलं. तो उठून बसला.

मग म्हणाला, "मले आईकू आली होती तुझी हाक."

"काय?"

"दोन्ही खेपा. चौकीदाराले हाक आली, त्याच टायमाले. वाटलं, आता ओ देली तं गेलोच."

"मंग पोराले काहून नाही सांगितलं?"

"काय सांगू? बाप वाघाच्या जंगलात भुताले भ्याला म्हणून? त्यापेक्षा बहिरा बरा."

संध्याकाळी मुलगा शेतातून आला. उभं राहून सांगायचं ठरवलं होतं, पण बसूनच सांगितलं. त्यानं हातपाय धुवायला घेतलेला गडवा हळूच खाली ठेवला.

"काका, माय उंबऱ्यावर बसली होती तवा..." तो एवढंच बोलला.  

तो आत गेला. मला वाटलं, आता बाहेर येऊन मला जा म्हणेल. तो मोबाइल घेऊन आला. बापाच्या हातात ठेवला.

"जंगलात नाही. घरी. अन् वायरी नाही, मोठ्यानं लावायचं."

मित्रानं मोबाइल चाचपला. मला म्हणाला, "शेवट काय आहे गा?"

"मले नाही माहीत. भेवानं मधातच सोडली होती."

तो माझ्या दिशेनं तोंड करून थांबला, मग खोकला येईपर्यंत हसला. "अन् मले म्हणे दोन्ही कानांत घाल!"

लावलं. जिथं थांबलं होतं तिथूनच सुरू झालं. बाहेर उजेड होता, मुलगा दारात होता, तरी माझे तळवे ओले झाले. चौकीदार उठला. झाडांमधून हाक आली. स्वयंपाकघरातला वहिनींच्या भांड्यांचा आवाज थांबला. मित्रानं माझं मनगट धरलं आणि घर हलेल अशी ओ दिली, "होऽऽ!"

"हळू बाप्पा," वहिनी आतून ओरडल्या, "आता शेजारी काठ्या घेऊन येतील!"

त्यानं मनगट सोडलं नाही. वाट पाहत होता. मग मीही दिली. आवाज नीट फुटला नाही, पण दिली.