घनसावंगीच्या पावतीवरची रेघ

मी पत्रकांवर वाढलो. वडील चळवळीतले; घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. जालन्याच्या एका कापूस पिंजणाऱ्या जिनिंग कंपनीत कॉम्प्युटरच्या कामाला लागलो, तेव्हा प्रोग्राममध्ये पुढच्या माणसासाठी ज्या टिपा लिहितात, त्याही मी तशाच लिहायचो. रोमन लिपीतली मराठी, दहा-दहा ओळी, मोठ्या कंपन्यांच्या मक्तेदारीचा निषेध.

बदनापूरहून रेल्वेनं येणारी माझी सहकारी दोन ओळींत आटपायची. आमच्यापैकी एकालाच कायम करणार, असं कंपनीच्या मालकांनी, शेटजींनी, दोघांनाही सांगून ठेवलं होतं.

जालन्याच्या मशीनवर नवी लिनक्स प्रणाली होती, कंपनीच्या घनसावंगीच्या कापूस खरेदी केंद्रावर जुनी युनिक्स. ओळ न तोडता छापायला आमच्याकडं echo -n ही आज्ञा चालायची. तिकडं ते '-n' सरळ कागदावर उमटायचं. हे मीच शोधलं. त्याजागी दोन्हीकडं चालणारं printf घातलं आणि वर टीप लिहिली: कंपन्या आपापल्या मक्तेदारीपायी आज्ञा कशा वेगवेगळ्या ठेवतात, यावर दहा ओळी. तिथला ऑपरेटर जालन्यात शिकलेला. त्यानं सवयीनं echo -n परत घातलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "दादा, इथं भांडणं चालू हायेत. पावतीवर कापसाच्या वजनाआधी उण्याची रेघ येऊन राह्यली. लोक म्हणतेत, आमचं माप उणं कसं काय?"

"वर कारण लिहिलंय की! वाचलं न्हाई का?"

"वाचायला घेतल्तं. मला वाटलं, सभेचं बोलावणं हाय."

फोनचा आवाज मोठा होता. खोलीतले सगळे हसले, तीही. मग तिनं printf परत घातलं आणि माझी टीप पुसून लिहिलं: 'घनसावंगीच्या मशीनवर echo -n घातलं तर वजनाआधी -n छापलं जातं. printf च ठेवा.' त्या ओळीला पुन्हा कुणी हात लावला नाही.

मी जळलो. तिच्या हुशारीवर नाही, तिचं ऐकलं गेलं यावर. आमच्या घरानं ज्याला पटवायला चौकाचौकात पत्रकं वाटली, त्या माणसाला तिनं दोन वाक्यांत पटवलं होतं.

हंगाम संपला. शेटजी मला म्हणाले, "तुझं काम बराबर हाय. पण ते समजायला दर वेळी तुलाच बोलवावं लागतं." ती कायम झाली.

निघताना मी ती फाइल उघडली. तिच्या टिपेत एखादा तरी शब्द जास्तीचा निघावा म्हणून पुन्हा पुन्हा वाचली. निघाला नाही. मक्तेदारीबद्दल माझं मत आजही तेच आहे. पण पत्रक लिहायला बसलो की आधी तिची ती दोन वाक्यं आठवतात, आणि मी पुन्हा तसाच जळतो.