रावसाहेबांच्या गाडीचे पाणी

ती घटना आठवली की या वयातही माझे डोके तापते. तीस ते चाळीस सालांच्या मधला काळ. मी नाशिकला नवा फौजदार होतो आणि सरकारी शिक्का असलेला प्रत्येक कागद खराच असतो, अशी माझी भाबडी समजूत होती. नावे कुणाचीच घेत नाही. त्या माणसांची नातवंडे आज गावात सुखाने नांदत आहेत आणि त्यांचा यात काही दोष नाही.

एप्रिलमधली सकाळ होती. हजेरी नुकतीच संपली होती, एवढ्यात एक बडे गृहस्थ ठाण्यात आले. त्याच वर्षी सरकारने त्यांना रावसाहेब हा किताब दिला होता, आणि तो गावाला विसरू द्यायचा नाही असा त्यांनी चंग बांधला होता. फिर्याद त्यांच्या मोटारीची होती. आदल्या दिवशी एका गोऱ्या साहेबाला शेजारी बसवून ते मुंबईहून येत होते. कसारा घाटात गाडीचे पाणी उकळले, एकदा नव्हे तर तीनदा. टोपण उघडताना ड्रायव्हरचे मनगट भाजले. इगतपुरीचे रेल्वेचे कामगार भोवती जमून हसले. शेवटी साहेब चालत स्टेशनवर गेला आणि आगगाडीने पुढे निघून गेला.

"हा अपघात नाही," रावसाहेब म्हणाले. "हा घात आहे. भद्रकालीतल्या त्या मिस्त्रीनं माझ्या इंजिनात काहीतरी घातलंय."

मिस्त्री मुसलमान होता, हाताचा मोठा कसबी. गाडी उकळते म्हणून रावसाहेबांनी त्याच्याकडे आधी दोनदा पाठवली होती. दोन्ही वेळा त्याने ती चालवून पाहिली आणि उकळण्यासारखा काही बिघाड नाही म्हणून परत केली. रावसाहेब स्वतः जाब विचारायला गेले, तेव्हा तो चार माणसांदेखत म्हणाला होता, "गाडी चांगली आहे. तुम्ही बसलात की तिला ताप चढतो." एवढ्यावरून रावसाहेबांनी त्याला गुन्हेगार ठरवले होते.

दुपारी खबऱ्याही आला. खबर अशी की, चार दिवसांपूर्वी मिस्त्रीने त्या गाडीच्या पाण्यात पिवळी पूड टाकली आणि हे खबऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. किताबवाल्याची फिर्याद आणि खबऱ्याची साक्ष, मला आणखी काय हवे होते? मी मिस्त्रीला अटक केली. मॅजिस्ट्रेटपुढे उभे करून तीन दिवसांची कोठडी मिळवली. गाडी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात लावली. पंचनाम्यात सुटे चाक, पाना, पत्र्याचा डबा, मखमलीत गुंडाळलेली पितळी पाटी, असे सगळे सामान मी स्वतःच्या हाताने लिहिले.

मग मिस्त्रीची चौकशी सुरू केली.

"पूड टाकलीस?"

"टाकली. हळद होती."

"हळद?"

"गाडीच्या तोंडाशी पाणी गार करायची जाळी असते, तिला बारीक भोक होतं, साहेब. थेंब थेंब गळत होतं, उकळण्याइतकं नाही. मूठभर हळद टाकली की ती भोकात जाऊन बसते. नाशकातला कोणताही मिस्त्री हेच करतो. तुमच्या घरी रोज भाजीत घालतात, ती काय जहर असते?"

मी दरडावले. तो जागचा हलला नाही. माझ्या अनुभवात खोटे बोलणारा माणूस आवाज चढला की जास्त बोलू लागतो, खरे बोलणारा गप्प होतो. हा दोन्हीपैकी काही करेना. उलट त्यानेच मला विचारले, "साहेब, पाणी कशानं उकळतं ते तुम्हाला माहीत आहे का?"

मला माहीत नव्हते. मी सायकलवाला माणूस.

"माहीत नाही आणि मला आत घातलंत! तीन कारणं असतात. पाणी कमी असेल, पाणी फिरत नसेल, नाही तर पाण्याला वारा लागत नसेल. चौथं कारण नाही. मला बाहेर काढू नका, मी इथनं सांगतो. तुम्हीच बघा."

आरोपीने फौजदाराला शिकवावे, हे जमादाराला अजिबात रुचले नाही. मला मात्र त्या माणसाचा ताठा आवडला. कोठडीच्या गजांतून आवार दिसत होते. ड्रायव्हरला बोलावून घेतले. तो विंचूरकडचा, साधा माणूस, मनगटाला फडके बांधलेला. मिस्त्री आतून सांगत होता आणि ड्रायव्हर करत होता.

टोपण काढले. पाणी काठोकाठ होते. खालची रबरी नळी सोडली, तर पिवळेधमक पाणी भसाभस बाहेर आले. पंच दोन पावले मागे सरले. जमादाराने वाकून वास घेतला आणि ओशाळून म्हणाला, "हळदच आहे."

"आता वरून बादली ओता," मिस्त्री म्हणाला. "जाळी तुंबली असेल तर पाणी वरच तुंबून राहील."

बादली ओतली. ओतले तसे ते खालून निघून गेले. म्हणजे हळदीने जाळी बंद झालेली नव्हती. नळी जोडून, पाणी भरून इंजिन चालू केले, तेव्हा वरच्या तोंडातून पाणी फिरताना दिसत होते. पंख्याचा पट्टा बोटाने दाबून पाहिला, तोही घट्ट होता.

"मग घाटात घेऊन जा," मिस्त्री म्हणाला. "आवारात सगळ्याच गाड्या शहाण्या असतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. वजनाचे कारण नको म्हणून मी गाडीत चार धष्टपुष्ट शिपाई बसवले. सरकारी खर्चाने मोटारीत बसायला मिळाल्यामुळे ते वरातीला निघाल्यासारखे खूश होते. घाट उतरून कसाऱ्याला गेलो आणि भर उन्हात चढू लागलो. वळणामागून वळणे गेली, गाडी इगतपुरीला पोचली, आणि पाणी उकळले नाही. पुन्हा उतरलो, पुन्हा चढलो. उकळायचे नाव नाही.

इगतपुरीला झाडाखाली थांबलो, तेव्हा मला मिस्त्रीचे 'तुम्ही बसलात की तिला ताप चढतो' हे वाक्य आठवले. रावसाहेबांना तो टोमणा वाटला होता. मला आता ती साक्ष वाटू लागली. मी ड्रायव्हरला बाजूला घेतले.

"रावसाहेब बसतात तेव्हा गाडीत वेगळं काय असतं?"

"काय नाय साहेब."

तो काय नाय म्हणाला, पण त्याची नजर मागच्या बैठकीकडे गेली. लबाड माणूस बोलताना तुमच्याकडे टक लावून बघतो. घाबरलेला माणूस ज्याची भीती आहे त्या वस्तूकडे बघतो. मी बैठकीखाली हात घातला आणि मखमलीची गुंडाळी बाहेर काढली.

आत पितळी पाटी होती, जवळजवळ दोन हात रुंद आणि हातभर उंच. दोन्ही बाजूंना सिंह, मध्ये किताबासकट पूर्ण नाव. वरच्या कडेला अडकवायचे दोन आकडे होते.

"ही कुठं लावतात?"

"म्होरं. दोन दिव्यांच्या मधल्या दांडीला. मागनं मखमल घालायची, पितळ जाळीला घासू नाय म्हनून. रावसायेब बसले की लावायची, उतरले की काढायची. ते नसताना लावली तर माझी नोकरी जाईल, असा हुकूम हाय."

"म्हणजे मिस्त्रीकडे गाडी नेलीस तेव्हा..."

"पाटी काढलेली व्हती. त्यानं ती बघितलीच नाय कदी."

"लाव."

त्याने मखमल घातली, पाटी अडकवली. गाडीची जाळी वरच्या चार बोटांखेरीज सगळी झाकली गेली. आम्ही तिसऱ्यांदा घाट उतरलो आणि चढू लागलो. निम्मा घाट चढतो न चढतो तोच टोपणाखालून फुसफुस सुरू झाली आणि वाफेचा लोट उठला. शिपाई उड्या टाकून पळाले. मी रस्त्याकडेला उभा राहून मोठ्याने हसलो आणि लगेच माझी मलाच लाज वाटली. ही पाटी मी पंचनाम्यात लिहिली होती. मी तिचे वजन, आकार, धातू, सगळे लिहिले आणि तिचा उपयोग विचारला नाही.

"तू आधी का नाही बोललास?" मी विचारले.

"बोललो व्हतो, साहेब. पयल्यांदा उकाळली तवाच. थोबाडीत बसली. माज्या घरात सात तोंडं हायेत."

तिथेच, घाटात, रस्त्याने जाणाऱ्या दोघांना पंच करून मी पंचनामा केला आणि ड्रायव्हरचा जबाब घेतला. परतल्यावर कागद घेऊन इन्स्पेक्टरसाहेबांकडे गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"फौजदार, मिस्त्रीला सोडा. माझी हरकत नाही. पण पुराव्याअभावी सोडलं, एवढंच लिहा. हे पाटीबिटीचं कशाला?"

"पुरावा नाही असं नाही, साहेब. गुन्हाच घडलेला नाही. पुराव्याअभावी लिहिलं तर तो जन्मभर सुटलेला चोर राहील."

"आणि हे लिहिलंत तर सरकारनं किताब दिलेल्या माणसाचं गावात हसं होईल. त्यांची ऊठबस कुणाबरोबर आहे ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. पण त्यांच्या पाटीनं वारा अडतो, हेही मला ठाऊक आहे."

"मी हुकूम देतोय."

"मग लेखी द्या, साहेब. तोही कागदाला जोडतो."

लेखी हुकूम आला नाही. मी लिहिले ते शब्दन् शब्द तसेच मॅजिस्ट्रेटपुढे गेले आणि मिस्त्री निर्दोष सुटला. महिनाभरात माझी बदली पेठ तालुक्याच्या डोंगरात झाली. तिथे मोटार बघायलासुद्धा मिळत नसे. त्या बदलीचे मला तेव्हाही दुःख नव्हते, आजही नाही.

मिस्त्री सुटला त्या सकाळी मी स्वतः कोठडीचे कुलूप काढले. खरे सांगतो, तो माझे आभार मानील अशी माझी अपेक्षा होती. त्याच्यासाठी मी नोकरी पणाला लावली होती. तो बाहेर आला, टोपी झटकून डोक्यावर घातली आणि उभाच राहिला.

"जा, मिस्त्री. सुटलात."

"असा नाही जाणार. तुम्ही मला भर बाजारातून बेड्या घालून आणलंत. सगळ्या मोहल्ल्यानं बघितलं. माझ्या बायकोनं बघितलं. तुमचा कागद कोर्टात राहील. मोहल्ला कागद वाचत नाही. जसं आणलंत, तसं नेऊन सोडा."

जमादार त्याच्या अंगावर ओरडला. मी जमादाराला गप्प केले. राग मलाही आला होता, पण तो बोलला त्यातला एक शब्द मला खोडता येईना.

मी पगडी घातली, पट्टा बांधला आणि त्याच्याबरोबर निघालो. मेन रोडने, भर बाजाराच्या वेळी, दोघे खांद्याला खांदा लावून. भाजीवाल्या उठून बघत होत्या. दुकानदार पायऱ्यांवर आले. मी कधी पाऊलभर पुढे गेलो की तो मुद्दाम थांबायचा. फौजदाराच्या मागून चालायचे नाही, असे त्याने ठरवलेच होते. भद्रकालीत त्याच्या दुकानासमोर गर्दी जमली. मी सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, "या माणसानं काही केलेलं नाही. न बघता पकडलं, ती चूक माझी."

त्याने सलाम केला नाही, हातही पुढे केला नाही. दुकानाच्या फळ्या काढल्या आणि कामाला बसला. मी एकटा परत आलो.

पुढे कितीतरी वर्षे नोकरी केली. खून पाहिले, दरोडे पाहिले. पण कुणाला बेडी घालायची वेळ आली, की मी आधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचो. उद्या याच रस्त्याने, भर दिवसा, या माणसाच्या बरोबरीने परत चालायची माझी तयारी आहे का? नसेल, तर बेडी ठाण्यातच राहायची.