तेहेतीसवर अडकलेला बुवा

"मिशी अजून थोडी जाड करायला सांगू का?" कौस्तुभने फोनवर विचारलं.

मी तेव्हा देवळाली प्रवरात एका पडवीत उभा होतो. समोर साठीच्या इंदूबाई सुपात तांदूळ घेऊन निवडत बसल्या होत्या. कौस्तुभने पाठवलेलं चित्र मी त्यांना दाखवलं. फेटा, झुपकेदार मिशी, छाती पुढे काढलेला धिप्पाड गडी. इंदूबाईंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला.

"ह्यो कोन?"

"हा बुवा. त्या रेकॉर्डवर गाणारा."

"त्यो बुवा म्हंजी मीच की," त्या म्हणाल्या आणि पुन्हा खडे वेचायला लागल्या.

मी फोनमध्ये म्हणालो, "कौस्तुभ, मिशीचं जरा थांबव."

माझं काम रेस्टोरेशनचं. म्हणजे जुन्या रेकॉर्डवरची गाणी कॉम्प्युटरवर घ्यायची आणि त्यातली खरखर, टकटक काढून टाकायची. नगरला माझी एक खोली आहे. मी तिला स्टुडिओ म्हणतो, बायको अडगळ म्हणते. कौस्तुभ पुण्याचा, माझ्या निम्म्या वयाचा आणि माझा बॉस. त्याची कंपनी दुर्मिळ, कुणी न विचारलेल्या जुन्या रेकॉर्ड शोधते आणि विनाइलवर, म्हणजे तसल्याच काळ्या तबकडीवर, नव्याने काढते. असल्या रेकॉर्डसाठी जीव टाकणारे लोक जगभर आहेत. रेकॉर्ड जितक्या कमी लोकांना माहीत, तितका त्यांचा आनंद मोठा.

ही रेकॉर्ड तर त्यांच्यासाठी देवानेच पाठवलेली होती. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याने ती काढली. सात इंची छोटी तबकडी, त्यावर बायामाणसांनी म्हणायची चार गाणी. कसल्याशा समारंभात प्रत्येक सभासदाला एकेक भेट दिली. एकाही सभासदाच्या घरी रेकॉर्ड प्लेअर नव्हता. हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

दोन आठवडे मी तिच्यासाठी वणवण केली. एका घरात ती लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून होती. राहात्याजवळ एका डाळिंबाच्या बागेत दोरीला टांगलेली होती, पाखरं हाकलायला. "लई टिकाऊ माल हाय," बागवाले कौतुकाने म्हणाले. एका ताईंनी ती गरम करून, कडा वर वळवून तिची वाटी केली होती. पिन ठेवायला जागाच नाही, आणि तिन्हींवरची लेबलं कधीच उडालेली.

वाजणारी कॉपी मिळाली ती उस्मानचाचांकडे. मंडप आणि स्पीकर भाड्याने द्यायचा त्यांचा धंदा. एके काळी आसपासच्या गावांत प्लेअर फक्त त्यांच्याकडे, त्यामुळे लग्न असो, बारसं असो, जत्रा असो, ही रेकॉर्ड वाजायची ती त्यांच्याच मशीनवर. कुणी ढापू नये म्हणून चाचांनी मधल्या लेबलवर दुकानाचा कागद चिकटवून टाकलेला. ते रेकॉर्ड नेऊ देईनात, म्हणून त्यांच्याच मशीनवर मी ती ऐकली आणि तिथेच कॉम्प्युटरवर घेतली. खोल, गंभीर आवाज. एकेक ओळ अशी लांबवलेली की ऐकणाऱ्याला दम लागावा.

"कोण हो हा?"

"कारखान्याचा बुवा," चाचा म्हणाले. "पैलवान हुता म्हनत्यात. सकाळी चार शेर दूध प्यायचा, मगच गायला बसायचा."

बुवाची माहिती सगळ्यांना होती. कुणी म्हणे तो हिमालयात गेला, कुणी म्हणे प्रवरेच्या पुरात गेला. बघितला मात्र कुणीच नव्हता. गाण्यात तो स्वतःला सासुरवाशीण म्हणवून घेतो, याचंही कुणाला नवल नव्हतं. बुवा लोक म्हणतातच तसं.

मी गाणी पुण्याला पाठवली आणि कौस्तुभ पिसाळला. "दादा, तिसरं गाणं चक्क पाळणा आहे! त्या काळात पुरुष पाळणा म्हणतोय! सिंगल फादर! काय पुढचा माणूस असेल!" आणि लगेच चित्रकाराला कामाला लावलं.

आता माझी चूक सांगतो. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये लाइटची एक बारीक गुणगुण सापडते. आपली लाइट सेकंदाला पन्नास वेळा थरथरते, म्हणून त्या गुणगुणीचा आकडाही पन्नास यायला हवा. माझ्या स्क्रीनवर आला सदतीस. शहाणा माणूस इथे खुर्चीतून ताडकन उठला असता. मी म्हणालो, त्या काळी आमच्याकडे लाइटच कमी यायची. आणि चहा प्यायला गेलो. तीस वर्षं या धंद्यात काढलेला माणूस! काही बिघडलं की लाइटच्या नावाने खडे फोडायची आमची सवय मला अशी नडली.

तर इंदूबाईंकडे मी गेलो होतो कोऱ्या कॉपीसाठी. चाचांची रेकॉर्ड फार झिजली होती, आणि यांच्याकडे एक न वापरलेली आहे असं कळलं होतं. त्यांनी ट्रंकेतून, लग्नातल्या शालूखालून, ती काढली. तिच्या लेबलवर कागद चिकटवलेला नव्हता. गायिका म्हणून इंदूबाईंचं नाव होतं आणि त्याखाली बारीक आकडा, ४५.

मी तो आकडा पुन्हा वाचला. मोठ्या रेकॉर्ड मिनिटाला तेहेतीस फेरे घेतात, अशा छोट्या पंचेचाळीस. पंचेचाळीसची रेकॉर्ड तेहेतीसवर लावली की गाणं रेंगाळतं आणि आवाज खाली बसतो. तरण्या पोरीचा पैलवान होतो. पंचेचाळीसाचे तेहेतीस झाले तसे पन्नासाचे सदतीस, हिशेब तंतोतंत जुळत होता.

"अहो, मग इतकी वर्षं सांगितलं का नाही कुणाला?" मी विचारलं.

"सांगितलं न्हाई? लई सांगितलं!"

तेवढ्यात आतून त्यांच्या थोरल्या जाऊबाई काठी टेकत आल्या. घरात त्यांना सगळे आक्का म्हणतात. "हिचं काय आयकता?" त्या म्हणाल्या. "चाळीस वर्सं हेच तुनतुनं. नाव काय, कागदावर कुनाचंबी छापत्यात. बाईचा आवाज असा रेड्यावानी असतो व्हय?"

इंदूबाई सुपातच बघत राहिल्या. "एकुनीस वर्साची हुते, भाऊ. कारखान्याची जीप आली, गानी भरायला पुन्याला घिऊन गेली. मग पयल्यांदा एका लग्नात वाजली आन् समदे पोट धरून हसले. मला वाटलं, मशीन कशाला खोटं बोलंल? आपुनच असं गातो आसंल. मग गायचं सोडलं."

तांदळातला एक खडा त्यांनी अंगणात भिरकावला. मला फार वाईट वाटलं, आणि माझी शरमही वाटली, कारण आठच दिवसांपूर्वी मीही त्याच मशीनवर विश्वास ठेवला होता.

मी परवानगीचा कागद काढला. रेकॉर्ड पुन्हा काढायची तर गायिकेची सही लागते. इंदूबाईंनी कागद बाजूला सारला.

"आदी ही रेकॉर्ड वाजवा. हितंच, आक्कासमोर, उस्मानभाईच्याच मशीनवर. तुमच्या शेरातल्या मशीनवर वाजली तर ही म्हनंल, तुमी करामत केली. माझा आवाज आला तर सही. न्हाई आला तर रेकॉर्ड परत ट्रंकंत."

मी बाहेर येऊन कौस्तुभला फोन लावला.

"बाई आहे," मी म्हणालो.

"कोण?"

"बुवा."

मग तो म्हणाला, "दादा, पण मी लोकांना बुवा सांगून बसलोय. आपण स्लोच काढू ना. तो मूड बघा की!"

"सही त्यांची लागणार आहे. आणि त्यांना तो मूड चाळीस वर्षं पुरलाय."

"मग बुवा गेलाच म्हणायचा?"

"ज्याला बुवा हवा असेल त्याने घरी तेहेतीसवर लावावी. रेकॉर्ड एकच."

"दादा, हे आपण कव्हरवर छापू या!"

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्मानचाचा टेम्पोतून मशीन घेऊन आले. स्पीड बदलायचा खटका हलेचना.

"त्यो कधीपासनं तेहेतीसवरच अडकलाय," चाचा म्हणाले. "माझ्या बाकी समद्या रेकॉर्डी मोठ्या. मंग त्याला कशाला हात लावायचा?"

मी शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले, जरा थांबलो आणि अंगठ्याने रेटलं. खटका पंचेचाळीसवर गेला. इतक्या वर्षांचा बुवा दोन थेंबांत संपला.

बातमी पसरली होती. पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. आक्का खुर्चीत, इंदूबाई खांबाला टेकून. मी पिन ठेवली. तबकडी चाळीस वर्षं ट्रंकेत दबलेली होती, वाकली असती तर सगळंच पाण्यात गेलं असतं.

आणि एक चढा, मोकळा, ठसकेबाज आवाज पडवीभर झाला. एकोणीस वर्षांच्या पोरीचा. भरभर, हसत, मध्येच ढोलकीला चिडवत. मागून एका म्हाताऱ्याने हळूच विचारलं, "आन् बुवा कुठं गेला?"

गाणं संपलं. सगळे आक्कांकडे बघायला लागले.

"मशीन जोरात पळवलं की रेडाबी कोकिळा हुतो," आक्का म्हणाल्या.

इंदूबाईंचा चेहरा पडला. मी तबकडी उलटी केली. पाळणा सुरू झाला. दुसऱ्या कडव्याला आक्कांनी काठी खाली ठेवली. तिसऱ्याला पदर डोळ्यांना लावला.

"माझा बाळू ह्या आवाजाबिगर झोपायचा न्हाई," त्या म्हणाल्या.

"म्हंजी वळखला ना, आक्का?" इंदूबाई पुढे आल्या.

"वळखायचं काय त्यात? शब्द तुजेच. मला पयल्या दिवसापासनं ठावं हुतं."

इंदूबाई म्हणाल्या, "मंग चाळीस वर्सं न्हाई न्हाई का म्हनत हुता?"

"तू लई शेफारली असतीस," आक्का म्हणाल्या. "घरातलं दळन मग कुनी दळलं असतं?"

मला वाटलं, आता भांडण पेटणार आणि माझी सही जळणार. इंदूबाईंनी आक्कांकडे बघितलं. एकदा, बराच वेळ. मग माझ्यापुढे हात केला.

"आना भाऊ त्यो कागद. आन् माझं नाव लई मोट्या अक्षरात छापा. आक्काला चष्म्याबिगर वाचता आलं पायजे."

रेकॉर्ड निघाली. कव्हरवर इंदूबाईंचा फोटो आहे, आणि नाव इतकं मोठं की कौस्तुभला ते अजूनही खुपतं. मी मात्र तेव्हापासून एक नियम केलाय. जुनी रेकॉर्ड आली की आधी लेबल वाचायचं, मग गुणगुण मोजायची, आणि कुणी बाई म्हणाली की हा आवाज माझा, तर चहाला जायचं नाही.

उस्मानचाचा आता लग्नाकार्यात ती बरोबर स्पीडला लावतात. लोक ऐकतात, माना डोलावतात आणि म्हणतात, बाई गाते चांगली, पण बुवाची सर नाही. हे मी इंदूबाईंना जरा भीतभीतच सांगितलं. त्या पाळण्याची चाल गुणगुणत होत्या, तेवढ्यापुरत्या थांबल्या.

"खरं हाय त्यांचं," त्या म्हणाल्या. "बुवाला दळन न्हवतं."