नूरमोहम्मदला दया चालत नाही

कुणी कुणावर दया केली की नूरमोहम्मदचं टाळकं फिरतं. हर्सूलच्या तुरुंगात शिक्षा भोगणारा हा माणूस नव्याने आलेल्या नशेकऱ्यांना सांभाळतो, पण तोंडात गोड शब्द म्हणून नाही. थरथरणाऱ्याला तो शिव्या घालत पाणी पाजतो, शिव्या घालतच त्याची ओकारी पुसतो. तो स्वतः ‘बटन’ खायचा. शहरात गुंगीच्या गोळीला हेच नाव आहे. आत आल्यावर भिंतीवर डोकं आपटून आपटून त्याने ती सोडली. त्या दिवसांत ज्यांनी ‘एक घे, बरं वाटंल’ म्हटलं, त्यांच्यावर त्याचा आजही राग आहे.

चितेगावच्या कारखान्यात कामाला असलेला सुदर्शन चोरीच्या आरोपाखाली आत आला, तो गोळ्यांनी पार पिळून निघालेला. डॉक्टर औषध कमी कमी करत आणत होते, नूरमोहम्मद शेजारी बसून राहायचा. गडी हळूहळू भाकरी खायला लागला. मग त्याची आई आवडाबाई भेटीला आली, घरचे कपडे देऊन गेली, आणि गाडी पुन्हा घसरली.

संशय आला तो पायजम्यामुळे. ज्याला स्वतःचं नाक पुसायचं भान नाही, तो पायजमा कवटाळून कशाला बसेल? नूरमोहम्मदने तो हिसकावला, नाडीचा नेफा चाचपला. आत गोळ्या शिवलेल्या होत्या. टाके बारीक, एकसारखे. माया आंधळी असते म्हणतात. ही तर सुईत दोरा ओवण्याइतकी डोळस होती!

“साहेबाला सांगू नको, नूरभाई! आईला आत घालतील.”

“घालू दे! लेकराला जहर शिवून देती, तिची काय आरती करू?”

ओरडला खरा, पण सांगायला गेला नाही. याचा त्याला स्वतःचाच राग आला. गोळ्या त्याने सुदर्शनच्याच तळहातावर ठेवल्या आणि मानगूट धरून त्याला संडासात नेलं.

“मी नाय टाकणार. तू टाक.”

सुदर्शन रडला, पाया पडला, शेवटी टाकल्या. मग पाठ फिरवून त्याने तळहात चाटला. नूरमोहम्मदला ते दिसलं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याला शिवी सुचली नाही.

पुढच्या भेटीला नूरमोहम्मदची बहीण मुनिरा आली होती. शेजारच्याच जाळीपाशी आवडाबाई सुदर्शनशी बोलत होती. बहिणीला तशीच सोडून तो तिकडे गेला.

“मावशी, पायजमा तुमीच शिवला ना?”

बाई पांढरीफटक पडली. “लेकरू तडफडत व्हतं, बाबा. मला बघवंना.”

“माझ्या अम्मीला बी बघवत नव्हतं. घरात तमाशा नको म्हणून सोता गोळी आणून द्यायची. तीच खाऊन रिक्षा चालवली मी. शाळेतली पोरगी गेली माझ्या चाकाखाली. लई प्रेमळ होती माझी अम्मी!”

मुनिराने मान खाली घातली. पहारेकरी ओरडला. नूरमोहम्मद जागचा हलला नाही.

“तुमाला बघवत नाय ना? मग नका बघू. मी बघतो. पण परत एक जरी गोळी आली, तर सोता साहेबाकडं जातो. मग रडायचं नाय.”

आवडाबाईने पदर तोंडात कोंबला. मग तो बाजूला करून तिने विचारलं,

“रात्री झोपतो का रे त्यो?”

“नाय झोपत,” नूरमोहम्मद तिच्यावर खेकसला. “मी बी नाय झोपत.”