सुकडी आन् हजरी

पोरीला श्वासच घेता येईना. तोंड पिठानं भरलेलं, डोळं ह्ये एवढालं झालेलं, व्हट निळं पडाय लागलेलं, आन् आवाज म्हनून न्हाई. खोकला न्हाई, रडनं न्हाई. म्या पाठीत बुक्क्या घातल्या, बोट घालून पीठ वडाय गेले तर त्ये अजूनच आत बसलं. पानी पाजावं म्हनून तांब्या उचलला, त्योबी हातातनं पडला. "अक्का! अक्का, धावा की वो!" एवढंच वरडले.

शेजारची अक्का तेलुगू बाई, घरात मागावर विनायची. तशीच उठून आली, पोरगी माझ्याकडनं हिसकावली, मांडीवर पालती टाकली, डोकं खाली, आन् खांद्यांच्या मधी दनके घातले. चार का पाच. मग पिठाचा गोळा भाइर पडला आन् पोरगी रडली. त्ये रडनं ऐकून म्या तिला उचलून उराशी धरली.

"अय्यो, काय घातलीस गं तिच्या तोंडात?"

"तिनंच घेतलं, अक्का."

निम्मंच खरं सांगितलं.

डब्यातलं त्ये पीठ म्हंजे म्या घरी केलेली सुकडी. खरी सुकडी दुष्काळात मिळायची. तवा आमी जेऊरच्या अंगाला सरकारी कामावर खडी फोडाय जायचो. पोरगी दोन वर्साची, अंगावर प्यायची, पन माझं दूधच आटलेलं. दुपारी पोत्यातनं वंजळभर सुकडी पदरात पडायची. भाजल्याल्या गव्हाचं रवाळ पीठ, गूळ, वाईच तेल. चूल नको, सरपन नको, ताट नको. बोकना भरायचा आन् वरनं पानी प्यायचं. पोरीला बोटानं चाटवायची. त्याच्यावरच जगली की ती.

आन् मुकादम नेमका तवाच हजरी घ्यायचा. नाव घेतलं की "हाय" म्हनायचं, आन् तोंडात तर बोकना. कुनी बोललं की पीठ उडायचं.

"आज समद्या मुक्या झाल्या व्हय गं? खाडा मांडू का?"

मग आमी हात वर करून "हूं, हूं". बाया हसून लोळायच्या. पोरगीबी गाल फुगवून "हूं" करायची. एक म्हातारी म्हनायची, "मुकादम, हिचंबी नाव घाला की वहीत. पगार नको, सुकडी द्या."

दुसऱ्या साली पाऊसपानी झालं. काम बंद झालं, पोती यायची थांबली. समद्यांनी नारळ फोडला, म्याबी फोडला. पन घरात पोरगी सुकडी सुकडी करून रडत व्हती, आन् मला मनातनं काय वाटत व्हतं त्ये मी कुनाला सांगू?

मग मालकांला सोलापुरात कारखान्यात काम लागलं, हितं आलो. पोरगी भाकरीला तोंड लावंना. भात थुकायची. बरगड्या मोजून घ्याव्या अशी झाली. म्या दुकानात जाऊन इचारलं, सुकडी मिळती का वो. दुकानदार हसला. "बाई, दुष्काळ इकत मागतीस व्हय?"

मग घरीच केली. गहू भाजलं, गिरनीतनं आनलं, गूळ बारीक केला. आत्याबाई, माझी सासू, म्हनल्या, "पिठाला तेलाचा हात लाव गं, कोरडं घशात बसंल." बाटलीत तेल तळाला व्हतं, सांच्या कालवनापुरतं. म्या लावलं न्हाई. आन् गिरनीवाल्यानं दळलं बी लई बारीक, धुरळ्यावानी.

पोरीनं मूठ भरून तोंडात घातली आन् हसली. किती महिन्यांनी हसली. म्या येडी झाले. मुकादमासारखी कमरेवर हात ठेवून उभी राह्यले आन् वरडले, "हजरी!"

ती तोंड उघडून "हाय" म्हनाय गेली. तितंच श्वास आत वडला.

आज आठ दिस झालं. हजरी म्या घेतली, ह्ये अजून कुनाला ठावं न्हाई, मालकांलाबी न्हाई. आत्याबाई म्हनत्यात, "त्यो डबा उकिरड्यावर पालता कर." पन पोरगी दुसरं काय खाईना की. त्याच पिठाची लापशी केली, थुकली. आता तेल आनून पिठाला चोळून ठिवलंय, पन चिमूट तिच्या तोंडापातुर नेती आन् मागं घेते. काल पान्याशिवाय पोटात काय न्हाई तिच्या.

आत्ता सकाळी डब्याच्या फळीखाली जाऊन उभी राह्यली. तोंडात काय न्हाई, तरी गाल फुगवलेलं. माझ्याकडं बघत व्हती, मी हजरी घ्यावी म्हनून.

डबा म्या खाली काढलाय. मांडीवर हाय. तुमी असता तर काय केलं असतं वो?