मान वर

काटेवाडीच्या फाट्यावरच्या सलूनवाल्या आबाकडं मी तीस वर्षं केस कापून घेतोय. हल्ली दिवसभर त्याच्या तोंडी दोनच शब्द असतात: "मान वर." पोरं अंगावरच्या कापडाखालून मोबाइल बाहेर काढतात आणि मान खाली घालतात. हा हनुवटीला बोट लावून ती उचलतो, तर मिनिटभरात पुन्हा छातीवर.

मध्यंतरी एक पोरगा रील बघता बघता खदाखदा हसला आणि मशीन थेट टाळूपर्यंत गेली. बिचारा स्वतःच्या साखरपुड्यात टोपी घालून बसला.

तेव्हापासून यानं युक्ती काढलीय. पोरगं खुर्चीत बसलं की हात पुढं करतो. "कसली कटिंग पायजे? फोटू दाव." मोबाइल हातात आला की "नीट बगतो," म्हणत खणात टाकतो. नंतर ढुंकूनही बघत नाही.

पोरं आधी चुळबुळतात, मग आरशात बघतात, मग बोलायला लागतात. परवा एकानं विचारलं, "आबा, आमचं वडील बी हितंच यायचं का?"

"व्हय. लई रडायचा. मांडीत धरून कापायला लागायचं."

पोरगं इतकं हसलं, की आबानं कात्री बाजूला धरली.

मी बाकावर मोबाइल बघत बसलो होतो, ते हसणं ऐकून मान वर केली. माझा नंबर आला. कानांवरची झालर सोडली तर माझ्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी खुर्चीत बसताच आबानं हात पुढं केला.

"गुरुजी, तुमी बी फोटू दावा की."