बोल्टाखालचा हिरवा रंग

ती घटना आठवली की मी आजही उठून येरझाऱ्या घालतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण त्यांनी एवढं छळलं नाही.

आदिलाबाद आंध्र प्रदेशात होतं तेव्हाची गोष्ट. तिथल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हंगाम सुरू झाला. मोटर तापली का पाहायला फिटरने तिच्यावर तळहात ठेवला आणि जागीच गेला. मी तेव्हा ठाण्याचा सब-इन्स्पेक्टर होतो. पंचनाम्यात करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची तार मोटरच्या बोल्टला घट्ट बसवलेली दिसली, तशी नोंद केली. मग शॉक बसला कसा?

दुपारी ठाण्यात निनावी फोन आला: जिनिंगच्या वायरमननेच मुद्दाम करंट सोडला. फिटरच्या बायकोनेही दोघांचं भांडण झाल्याचं सांगितलं. झालं, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. तामसी गावच्या त्या वायरमनला मी उचलून आणला.

"साहेब, तार दिसून राह्यली म्हणून अर्थिंग झाली असं नसते," तो म्हणाला. "बोल्ट खोलून पाहा ना."

मी विचारी मराठीत, रायटर जबाब लिही तेलुगूत. "हे लिहू नको, विषय बदलतोय," मी रायटरला सांगितलं. वायरमनने तेच तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी त्याच्या थोबाडीत मारली. त्याने गाल चोळला नाही, नुसता माझ्याकडे पाहत राहिला. ती नजर सहन होईना, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घेऊन जिनिंगवर गेलो.

त्याने मोटरची केबल सोडवली. टेस्ट लॅम्पचं एक टोक फेजच्या जिवंत तारेला, दुसरं अर्थिंगच्या तारेला लावलं. दिवा लागला. तेच टोक मोटरच्या अंगाला लावलं. दिवा लागला नाही, म्हणजे मोटर अर्थिंगला जोडलेलीच नव्हती. मग बोल्ट खोलला. खाली हिरवा रंग, चांगला जाड, वाळलेला. त्याने लोखंडाची चकाकी दिसेपर्यंत तो खरवडला, तार पुन्हा आवळली, तेव्हा मोटरच्या अंगावरही दिवा लागला. आतली वायर घासून मोटरच्या अंगात करंट उतरला होता. रंगामुळे तो तारेतून जमिनीत गेला नाही, फ्यूज उडाला नाही, फिटरच्या हातातून गेला.

रंग कोणी दिला हे विचारायला आम्ही फिटरच्या घरी गेलो.

"त्याईनंच देला," बायको म्हणाली. सांगताना तिला अभिमान वाटत होता. "दसऱ्याच्या पूजेसाठी. बोल्ट खोलून खालूनबी रंगवलं. गंज नाही लागला पाहिजे म्हणे." मग तिने वायरमनकडे पाहिलं. "काऊन विचारून राह्यले हे?"

माझ्याआधी वायरमनच बोलला, "काही नाही वहिनी. मोटर जुनी होती. त्यायची काही चूक नाही."

आदल्या दिवशी हिनेच त्याच्याकडे बोट दाखवलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

अपघाती मृत्यू म्हणून फाइल बंद केली. त्यानंतर आरोपीचं एकही वाक्य मी जबाबातून गाळू दिलं नाही, कितीही फालतू वाटो. तार दिसते तेवढ्यावर समाधान मानायचं नाही, हे मी त्या माणसाकडून शिकलो, आणि तेही त्याला मारून.

माफी मागायची राहिली. निवृत्तीनंतर दोनदा तामसीच्या बसमध्ये जाऊन बसलो. दोन्ही वेळा बस सुटायच्या आधी उतरलो.